दहाच्या नोटेचा माग : वरूड तालुक्यातल्या प्रकल्प नोंदी

4 जुलै 2025

शाळा उघडून दहा-बारा दिवस झाले. आज पहिली मोजणी. प्रकल्प मुळात कमी वजनाच्या मुलांसाठी मांडलेला. मेळघाट आमच्याच अमरावती जिल्ह्यात, त्यामुळे जिल्ह्याचं नाव काढलं की समोरचा आधी कुपोषणाचंच विचारतो. संत्र्याच्या पट्ट्यातही रोडकी पोरं आहेतच, म्हणून ही तीन गावं घेतली. उंचीची पट्टी भिंतीला ठोकली, काटा सपाट फरशीवर ठेवला, दुकानातून पाच किलोचं माप आणून दोनदा तपासला.

रोडकी पोरं सापडली. ती कोणत्या घरात आहेत ते आशाताईला आधीच पाठ होतं. पण पाचवीच्या रांगेतला मु-14, म्हणजे मुलगा क्रमांक 14, काट्यावर चढला आणि आकडा आला 44 किलो. उंची 138 सेंटिमीटर, वय दहा पूर्ण. मागून कोणीतरी ओरडलं, "काटा तुटते रे, हत्ती चढला!" रांग हसली. सरही हसले, मनात वाईट काही नसताना. आणि मी? मी तो आकडा मोठ्यानं वाचला होता, आशाताईला लिहिता यावा म्हणून. इतकी वर्षं हे काम करते आणि एवढं कळू नये.

पोरगा उतरला तो चप्पल न घालताच वर्गात गेला. चप्पल शाळा सुटेपर्यंत काट्याशेजारी पडून होती.

5 जुलै

सकाळी मु-14 ची आई शाळेच्या फाटकाशी उभी. "माह्या पोराले सगळ्याइसमोर काहून मोजलं? रात्री जेवला नाई तो." माफी मागितली. तिला ती पुरी पडली नाही, आणि पडू नयेच. यापुढे मोजणी पडद्यामागे, एकेकाची, आकडा फक्त कागदावर. वहीत नाव नाही, क्रमांक.

दुपारी हिशेब केला. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की मु-14 चा बीएमआय 23.1 येतो. मोठ्या माणसाचा एवढा असता तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण मुलांना मोठ्यांचं माप लावत नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलाचा मधला आकडा 16.4 आहे. 18.5 च्या वर जास्त वजन आणि 21.4 च्या वर लठ्ठपणा. म्हणजे हा पोरगा दुसरी रेषाही ओलांडून गेलेला.

तीन गावांत असा तो एकटा नाही. रोडक्या मुलांइतके नाहीत, पण आहेत, आणि आमच्या अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नाही. वहीला मागच्या बाजूनं सुरुवात केली.

11 जुलै

मु-14 च्या घरी. आई आणि बाप दोघंही संत्र्याच्या बागेत, मजुरांसोबत. घरी आजी. मी ओसरीत बसल्याबरोबर आजीनं पहिलं वाक्य टाकलं, "खात्यापित्या घरचा पोट्टा हाय, अंगावर दिसनच ना!"

मी वजनाचा विषय काढला नाही. जन्माच्या वेळचं विचारलं. आजी गप्प झाली, मग आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचं पिवळं पडलेलं कार्ड घेऊन आली. जन्मवजन 1 किलो 900 ग्रॅम. "कापसाच्या पेळूवानी होता. हातात घ्याले भेव वाटे. त्याच्या आधीचं एक गेलं होतं." तेव्हापासून आजीनं त्याला रडू दिलेलं नाही. रडला की दूध, रडला की बिस्कीट, आणि आता दहाची नोट.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं त्यांनी 1993 ला सुरू केलेल्या अभ्यासात पाहिली. वजनानं लहान, रोडकी, पण त्या मानानं अंगात चरबी राखून असलेली. असं बाळ पुढे झपाट्यानं फुगलं तर मधुमेहाचा धोका आणखी वाढतो. आजीला यातलं मी काहीच सांगितलं नाही. नातू वाचावा म्हणून जिनं दहा वर्षं ताट भरलं, तिला पहिल्याच भेटीत 'तुमच्या खाऊ घालण्यानं झालं' म्हणणं मला जमत नाही, आणि ते खरंही अर्धंच आहे.

उठताना पोराच्या मानेकडे लक्ष गेलं. मागे काळपट, मखमलीसारखी जाड कातडी. आजी म्हणाली, "किती घासतो, मळ निघतच नाई." मळ नव्हेच तो. शरीरात इन्शुलिन नीट काम करेनासं झालं की मानेवर, काखेत अशी कातडी दिसते. घासून घासून ती जागा सोलल्यासारखी झाली होती. तेवढं मात्र स्पष्ट सांगितलं: आजी, उद्यापासून घासायचं नाही.

12 जुलै

कालच्या दिवसाचं त्याचं खाणं, आजीच्या तोंडून उतरवलेलं. सकाळी चहात बुडवून बिस्किटाचा अख्खा पुडा, 50 ग्रॅम. दहाच्या सुट्टीत तळलेल्या चिप्सचं 22 ग्रॅमचं पॅकेट. शाळा सुटल्यावर आंब्याच्या चवीचं पेय, 150 मिली. ते लेबल वाचलं: 100 मिलीला 13 ग्रॅम साखर. घरी येऊन जेवण, मग फोन, रात्री पुन्हा जेवण.

नुसता वरखाऊ धरला तरी सव्वाचारशे कॅलरीच्या आसपास जातो. शाळेच्या पोषण आहाराचं पाचवीपर्यंतचं ठरलेलं माप आहे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे एका जेवणाइतकी ऊर्जा खिशातून येते, प्रथिनं नावापुरती. आणि खिचडी? "ते तो खातच नाई, पॅकेटनं पोट भरते," इति आजी. वर्गातही पाहिलं. तो एकटाच नाही, अर्धी रांग खिचडी चिवडून उठते. त्यात रोडकी पोरंही आहेत.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. आम्ही ज्यांचं वजन वाढवायला आलो ती पोरंही तेच पॅकेट खातात. घरचं ताट भरलेलं असेल तिथे पॅकेट वरून पडतं, रिकामं असेल तिथे ताटाऐवजी येतं.

2 ऑगस्ट

दुकान. शाळेच्या फाटकापासून अठरा पावलं, मीच मोजली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम म्हणतो की जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, ग्रामपंचायतीला पत्र देऊन टाकू.

दुकान चालवणाऱ्या काकू एकट्या आहेत. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, दीड एकर कोरडवाहू, मुलगी बारावीला. फळीवर पॅकेटांच्या माळा, बरणीत गोळ्या, खाली साबण. मी विचारलं, संत्री का नाही ठेवत? हे गाव तर संत्र्यात बुडालेलं.

"म्याडम, संत्रा सडते. पॅकेट सडत नाई. आन संत्रा कोन इकत घेते इथं? ज्याच्या घरी नसन त्याले शेजारी देते."

बरोबर आहे. फुकट मिळतं त्याला गावात मान नाही, आणि चकचकीत पुड्याला दहा रुपये पडतात म्हणूनच त्याला मान आहे. काकूंनी उधारीची वही दाखवली. मी नोंदी पाहत गेले. तेल, साबण, चहापत्ती यांच्या मधे मधे 'पोट्टा 10', 'पोट्टी 10', 'पोट्टा 20'. काही घरांत महिनाअखेर तेलापेक्षा 'पोट्टा'ची बेरीज मोठी. एकाही आईबापानं ही बेरीज वेगळी करून पाहिलेली नाही, काकूंनीही नाही.

पत्र द्यायचं नाही असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. निदान आत्ता नाही. दुकान उठवलं तर पोरं डांबरी रस्ता ओलांडून चौकातल्या दुकानात जातील आणि काकूंची मुलगी बारावीनंतर घरी बसेल. मुख्याध्यापकांना पटलेलं नाही. नियम त्यांच्या बाजूनं आहे, हेही लिहून ठेवते.

प्रकल्पाचं मोजमाप बदलते आहे. वजन वर्षात दोनदाच. महिन्याला मोजायची ती दहाची नोट: कोणी दिली, कधी दिली, का दिली.

15 ऑगस्ट

झेंडावंदन, बुंदी. एका दिवसाच्या बुंदीनं काही होत नाही. एक पाहुणे मुलांना वाटायला पॅकेटांचं खोकं घेऊन आले होते, सरांनी ते अलगद कार्यालयात ठेवलं.

23 ऑगस्ट

तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा मागत होती. जाणती माणसं सांगतात, पूर्वी हातावर चार आणे, नाहीतर ओंजळभर फुटाणे पडायचे. आज जवळपास प्रत्येक घरून पॅकेट. एका पोरीच्या पिशवीत मी सतरा मोजली. तिला ती मोजायला माझ्यापेक्षा जास्त मजा येत होती.

सणाच्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. घरी आले तर माझी स्वतःची मुलगी पिशवी रिकामी करून बसलेली. आमच्या घरी दहाची नोट मीच देते, मीटिंगला उशीर होतो त्या दिवशी.

30 ऑगस्ट

आयांची बैठक, अंगणवाडीत. सुरुवातीला माझ्या घरचीच नोंद वाचून दाखवली. आठवड्यात चार नोटा, चारही वेळा मला बाहेर पडायची घाई. बाया हसल्या, मग एकेक बोलू लागली. कारणं ऐकली तर भूक कुठेच नव्हती. "रडते म्हनून." "पाव्हने आले होते." "बाप रागावला होता मंग समजूत काढ्यासाठी." "मी निंदाले जातो, त्याले घरी ठेवून जा लागते, जीव तुटते." ही शेवटची बाई बोलल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

बंदी घालायची नाही असं ठरलं. साफ बंदी घातली की पोरगं चोरून खातं आणि ती वस्तू आणखी गोड लागते. बाजाराच्या दिवशी एक वस्तू, पोरानं निवडलेली. इतर दिवशी नोट नाही. घरात काय आणायचं आणि कधी वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. ताटातलं किती खायचं ते पोरानं. 'एवढं संपव' नाही, आणि 'संपवलं तर पुडा देईन' तर नाहीच. नवी भाजी एकदा थुंकली म्हणून सोडायची नाही, आठ-दहा वेळा थोडी थोडी ताटात दिसू द्यायची. आणि एकट्या जाड्या पोराचं वेगळं ताट करायचं नाही, घरात सगळ्यांना तेच.

एकीनं विचारलं, मग चहासोबत काय देऊ? शेंगदाणे, फुटाणे, रात्रीची भाकर कुस्करून दह्यात. "भाकर?" तिनं असं तोंड केलं जसं मी तिला चूल फुंकायला सांगितली.

11 सप्टेंबर

काल युनिसेफचा अहवाल आला. जगात 5 ते 19 वयोगटात पहिल्यांदाच लठ्ठ मुलं कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाली: 9.4 टक्के आणि 9.2 टक्के. 2000 साली कमी वजनाची 13 टक्क्यांच्या जवळ होती. पण दक्षिण आशिया आणि आफ्रिकेचा सहाराखालचा भाग याला अपवाद आहे. म्हणजे आपल्याकडे तराजू अजून रोडक्या बाजूलाच झुकलेला.

वरिष्ठांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: मग हा तुमच्या प्रकल्पाचा विषय कसा? मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाठवले. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांत खुजेपणा 35.2 टक्के आणि जास्त वजन 4.1 टक्के, 2019-21 सालचे. आधीच्या पाहणीत हेच जास्त वजन 1.9 टक्के होतं. खालून आग आहेच, वरूनही धूर निघू लागलाय. उत्तर आलं: 'नोंद घेतली.'

20 सप्टेंबर

बापांची बैठक. मारुतीच्या पारावर, संध्याकाळी सात, कारण त्याआधी कोणी येत नाही. पावसानं फळगळ झालेली, सगळे चिडलेले. अशा वेळी पोराच्या खाण्यावर बोलायला गेलेली बाई म्हणजे करमणूकच.

मु-14 चे वडील म्हणाले, "आमी लहानपनी कन्या खाल्ल्या, ताई. आता दोन पैसे हायत तर पोराले कन्या खाऊ घालू काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गरिबीतून वर आलेल्या माणसाला ज्वारीच्या कण्यांचे गुण सांगायला गेलं की ते त्याला मागे ढकलल्यासारखं वाटतं. माझ्याऐवजी पारावरचे एक आबा बोलले: "कन्या राहू दे. पन तू रोज बसस्टँडवरून समोसे बांधून आनतं, ते काहून? पोराची आठवन येते म्हनून ना? मंग पोराले घेऊन वावरात जात जाय."

मग शाळेचा रस्ता निघाला. घर ते शाळा एक किलोमीटर, तरी बाप गाडीवर सोडतो. मला वाटलं लाड. तसं नव्हतं. त्या रस्त्यावरून संत्र्याचे ट्रक जातात, कडेला चालायला जागा नाही, दोन वर्षांपूर्वी एक सायकल चिरडली. दुसरा रस्ता पांदणीचा, शेतांमधला कच्चा, तिथे दिवाळीपर्यंत गुडघाभर चिखल. पोरांना दिवसाला तासभर तरी दम लागेल असं खेळायला हवं, असं तज्ज्ञ सांगतात. इथे शाळेच्या मैदानात गाजर गवत कमरेएवढं. ते उपटायला सहा बापांनी नावं दिली.

28 सप्टेंबर

सहापैकी चार आले. अर्धं मैदान मोकळं.

8 ऑक्टोबर

मु-14 ला घेऊन ग्रामीण रुग्णालयात. आई-वडील दोघंही आले, बागेचं काम सोडून. वाटेत आईचं एकच पालुपद: थायरॉईड असेल. घरोघर हेच ऐकते. थायरॉईड निघाला तर कोणाचा दोष नाही, गोळी घेतली की संपलं. डॉक्टरांनी उंची पाहिली आणि समजावलं की थायरॉईडसारख्या आजारानं वजन वाढतं तेव्हा पोराची उंची बहुधा मागे पडते. याची उंची वयाच्या मानानं मागे नाही. रक्तातली साखर तपासली, मधुमेह नाही. मान पाहून म्हणाले, हा इशारा आहे, पण वेळ आहे.

डॉक्टरांचं एक वाक्य आईनं तीनदा विचारून घेतलं. याचं वजन कमी करायचं नाही, फक्त थांबवायचं. उंची वाढतेच आहे, ती वजनाला गाठेल. उपास नाही, चूर्ण नाही. परत येताना वडिलांनी बसस्टँडवर गाडी हळू केली, मग पुढे घेतली. मी मागच्या रिक्षात होते, पाहिलं.

12 नोव्हेंबर

दिवाळीनंतर पांदण वाळली. आता सकाळी नऊला अठरा-वीस पोरं एकत्र पांदणीनं येतात, सोबत पाळीपाळीनं एक आजोबा. ही कल्पना माझी नव्हती, त्याच आबांची. पोरांनी वाटेत बोरं शोधायला सुरुवात केलीय, त्यामुळे शाळेला पाच मिनिटं उशीर होतो. सरांची तक्रार नोंदवली.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू. बारका माल व्यापारी घेत नाही, बांधावर ढीग पडतो. दोन शेतकऱ्यांशी बोलले: रोज एक क्रेट शाळेत. रस काढायचा नाही, फोडी खायच्या. रसात चोथा जातो आणि तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात उतरते. पहिल्या दिवशी पोरांनी सालं एकमेकांच्या डोळ्यांत पिळली. दुसऱ्या दिवशीही.

6 डिसेंबर

काकूंचं दुकान. त्यांनी आपण होऊन उकडलेल्या शेंगा ठेवल्या होत्या, पाच रुपयांना वाटी. पहिल्या आठवड्यात अर्ध्या उरल्या. "उरलं तं तुमी घेसान काय?" असं त्या म्हणाल्या होत्या, म्हणून मी घेतल्या. आशाताईनं आणि मी तीन दिवस शेंगाच खाल्ल्या. थंडी वाढली तशा गरम शेंगा खपू लागल्या. पॅकेटांच्या माळा मात्र आहेत तिथेच आहेत. वहीतली 'पोट्टा 10' काही घरांत विरळ झाली, काही घरांत जशीच्या तशी. दोन घरांनी उधारी बंद करून रोख द्यायला सुरुवात केली, म्हणजे आता ती वहीत दिसतच नाही. ही माझ्या मोजमापातली फट, आधी सुचायला हवी होती.

10 फेब्रुवारी 2026

दुसरी मोजणी, पडद्यामागे. मु-14 आला, काट्याकडे पाहून थांबला. म्हटलं, डोळे मिटून चढ, आकडा मीही मोठ्यानं म्हणणार नाही. चढला.

उंची 141, वजन 44.6. बीएमआय 22.4. वयही सात महिन्यांनी पुढे गेलंय, रेषाही थोडी वर सरकते, तरी तो अजून लठ्ठपणाच्या रेषेच्या वरच आहे. मान तशीच, फक्त आता सोललेली नाही. जास्त वजनाच्या गटातल्या इतरांपैकी दोघांची वजनं सरळ वाढली आहेत. त्यांच्या घरी मी तीनदाच गेले, आणि तिन्ही वेळा बाप भेटला नाही. रोडक्या गटातली एक पोरगी खिचडी संपवू लागली, तिचं वजन चढलं.

संध्याकाळी मु-14 च्या घरी. आजी ओसरीत. मला पाहताच म्हणाली, "वाळला ना पोट्टा? तोंड केवढंसं झालं त्याचं!" सुनेनं आतून आवाज दिला, "सासूबाई, वाळला नाई, उंच झाला." आजीनं मान हलवली, पण माझ्याकडे न पाहता. निघताना तिच्या पदराच्या गाठीत दहाच्या नोटेचं टोक दिसलं. मी विचारलं नाही.

पुढची मोजणी जूनअखेर, शाळा उघडल्यावर. काट्याचे सेल बदलायचे. उरलेल्या मैदानातलं गवत पावसाआधी.